उंदरांचे मामा

मामा पिंजऱ्यात हात घालण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करत. "थंडा हात लागला का जीव भेते, मॅडम," असं त्यांचं म्हणणं. दोन तासांनी मी त्याच उंदरांचे मेंदू काढणार आहे, हे त्यांना ठाऊक असे. तरी तळवे घासल्याशिवाय त्यांनी कधी एकालाही उचललं नाही.

भंडाऱ्यातल्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत मेंदूच्या मलेरियावर काम चाले. उंदरांना मलेरियाचे परजीवी टोचायचे, काहींना नवं औषध द्यायचं आणि मेंदूत काय घडतं ते पाहायचं. मामा उंदीर सांभाळत. शिक्षण सातवी, गाव कोंढा. पण कोणता उंदीर जाणार, हे माझ्या तक्त्यांच्या आधी त्यांना कळे. "याची चाल पाहा. कडेले टेकून चालून राहिला. डोस्क्यात गेलं याच्या." ते क्वचितच चुकत. मेलेल्या उंदराला आम्ही 'सँपल' म्हणायचो. मामा म्हणत, "गेला."

गेल्या पावसाळ्यात, भाताच्या रोवणीच्या दिवसांत, दुपारी त्यांच्या मुलीचा फोन आला. मामी तीन दिवस तापात होत्या. दिवसभर शेतातल्या बांधीत वाकून अंग दुखत असेल, म्हणून घरच्यांनी तापाची गोळी दिली होती.

"चालता येते का तिले?" मामांनी विचारलं.

"भिंत धरून चालते, बाबा. आन् मले ओळखून नाही राहिली."

 मामा ओरडले, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या! गाडी पाहा कोनाची!"

पवनीच्या रस्त्यावर मामींना झटके आले. मामा पोचले तेव्हा त्या गेल्या होत्या.

तेरवी आटोपून ते कामावर आले. पिंजरे साफ केले, पाणी बदललं आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, आपल्या औषधानं किती वाचले?"

मी खोटं बोलू शकले नाही. "एकही नाही, मामा. दोन दिवस जास्त जगले, एवढंच."

"दोन दिवस," ते म्हणाले. "दोन दिवस भेटले असते तं तिले नागपूरले नेलं असतं."

त्याच आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली. आता कोंढ्यात कुणाला ताप आला की ते दारात जाऊन उभे राहतात आणि रक्त तपासायला घेऊन जातात. लोक कावतात, "साध्या तापाले कायले भेव दाखवता, भाऊ?"

ते औषध मी बाद करणार होते, केलं नाही; मात्रा बदलत राहिले. आता उंदीर तीन दिवस जास्त जगतात. हे मामांना फोन करून सांगावं की नाही, ते मला ठरवता येत नाही.