तो वर, आम्ही खाटेवर

आपल्या देशाचा माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला, त्या उन्हाळ्यात मी देवळाली कॅम्पातल्या एका हॉस्पिटलात उताणी पडून होते. पाठीच्या मणक्याला क्षय झाला होता. वय पंचविशीचं. नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवत असे. "औषधं चालू राहतील, पण पाठ हलता कामा नये," असं डॉक्टरांनी बजावलं आणि छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घालून मला फळीवर निजवलं. मग छत होतं आणि मी होते. अधूनमधून लष्कराच्या तोफांचा सराव चाले, खिडक्यांची तावदानं थरथरत आणि ती थरथर फळीतून पाठीत उतरे.

शेजारच्या खाटेवर घोटीकडच्या एक मावशी होत्या. भाताच्या गिरणीच्या ओट्यावरून पडून त्यांचं मांडीचं हाड मोडलं होतं. पाय ताणून ठेवायला दोरी, कप्पी आणि दोरीच्या टोकाला वजनं टांगलेली. शरीर त्या ओढीनं खाली घसरू नये म्हणून खाटेची पायाकडची बाजू विटांवर चढवलेली. त्यामुळे मावशींचं डोकं कायम खाली आणि पाय वर.

बाबा दर रविवारी नाशिकहून बसने येत आणि आठवड्याची वर्तमानपत्रं आणत. आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात सगळे माझी चौकशी करतात, हे सांगून झालं की ते माझ्या उशाशी ठेवलेल्या गोळ्या मोजत बसत. त्या रविवारी मात्र त्यांनी पिशवीतून पेपर काढला आणि उत्साहानं माझ्या डोळ्यांसमोर धरला. "बघ, आपला माणूस वर पोचला!"

बाबा गेल्यावर मी ती बातमी मावशींना वाचून दाखवली.

"वर म्हंजी कुठं? ढगात?"

"ढगांच्याही पुष्कळ वर. पृथ्वीभोवती फिरतोय."

"मग पडत कसा नाय?"

हा प्रश्न मला वर्गात दर वर्षी येई आणि मी पाठ्यपुस्तकातलं वाक्य म्हणून मोकळी होई. इथे खडू नव्हता, फळा नव्हता. मी म्हटलं, "मावशी, समजा डोंगरावरून दगड भिरकावला, तर?"

"खाली पडंल."

"जोरात भिरकावला तर लांब जाऊन पडेल. आणखी जोरात भिरकावला तर आणखी लांब. पण पृथ्वी गोल आहे. खूपच जोरात भिरकावला, तर दगड जितका खाली येतो, तितकी जमीनही खाली वळत जाते. मग तो पृथ्वीभोवती फिरतच राहतो."

मावशींनी हवेत बोटानं एक मोठा गोल काढला.

"म्हंजी त्यो पडतोयच की," त्या एकदम म्हणाल्या. "नुस्ता आपटत नाय."

मला इतकं हसू आलं की प्लास्टर बरगड्यांना टोचलं. त्यानंतर आमचा तो उद्योगच झाला. सिस्टरांच्या ट्रान्झिस्टरवर बातम्या लागल्या की मावशी साऱ्या वॉर्डाला गप्प करायच्या. अंतराळवीर वर भिंतीला बांधलेल्या पिशवीत झोपतात हे कळल्यावर त्यांनी आपल्या दोरीकडे बोट दाखवलं. "आपल्यावानी बांधूनच निजतात म्हना." तोफ वाजली तर वर ऐकू जात असेल का, हेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मध्ये हवाच नाही, आवाज जाणार कशातून? "बरं हाय बाबा त्याचं," त्या म्हणाल्या.

पाण्यावरून मात्र आमचं चांगलंच जुंपलं. वर 'खाली' अशी दिशाच नसते, तर पाणी घशातून पोटात उतरतं कसं, असं त्यांनी विचारलं. मी अन्ननलिकेचे स्नायू वगैरे सांगायला लागले, पण मलाच ते पुस्तकी वाटायला लागलं. तेवढ्यात सिस्टर तोटीच्या पेल्यातून मावशींना पाणी पाजायला आल्या. मी मान वळवून बघत होते. मावशींचं तोंड खाली, पोट वर.

"मावशी, थांबा! पाणी वर चढतंय तुमचं!"

त्यांना ठसका लागला आणि सिस्टरांनी मला चांगलंच झापलं. पण नंतर मावशींनी मुद्दाम एकेक घोट घेतला, डोळे मिटले आणि पाणी कुठवर पोचलं ते बोटानं गळ्यावर, मग छातीवर दाखवत राहिल्या. "जातंय बरं का. ढकलतंय कोनीतरी आतून."

एका दुपारी वॉर्ड पेंगत असताना त्यांनी मला हलक्या आवाजात हाक मारली. "बाई, एक इचारू? सकाळचं काय करत असतील वो ते?"

पेपरात ते आलंच नव्हतं. मी धीर करून राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरांना विचारलं. ते आधी लाजले, मग गंभीरपणे सांगू लागले. तिथे काहीच खाली पडत नाही, त्यामुळे हवेनं सगळं ओढून घेणारी नळी असते. मावशींनी तोंडावर पदर घेतला. बेडपॅनची मला पहिल्यापासून भयंकर लाज वाटे. आयाबाई पडदा ओढायला लागल्या की मी डोळे घट्ट मिटून घ्यायची. त्या दिवशी नाही मिटले.

तो माणूस परत आला. पेपरातल्या फोटोत त्याला खुर्चीवर बसवलेलं होतं. व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या बाईंना मी विचारलं, धडधाकट माणसाला खुर्ची कशाला?

"शरीराला वजन पेलायची सवय राहत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचंही तेच होणार आहे, तयारी ठेवा."

मी घाबरले. पण तो वर योगासनं करत होता, ही बातमी मावशींच्या डोक्यात पक्की बसली होती. "त्यो करीत व्हता, तर आपुन का नाय?" असं म्हणून त्यांनी चांगला पाय आणि मी दोन्ही पाय, बोटं दुमडायची, पोटऱ्या आवळायच्या, सोडायच्या, असा सपाटा लावला.

भातलावणीच्या आधी मावशी कुबड्या घेऊन घरी गेल्या. जाताना माझ्या खाटेला धरून उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा सुलटा दिसला. "तुमी उभ्या राहिल्या की घाबरू नका," त्या म्हणाल्या. "जमीन लय टनक लागती पहिल्यांदा."

मला उठवलं तेव्हा पाऊस सरत आला होता. खाटेच्या कडेला बसवताच वॉर्ड गरगर फिरला. पाय खाली सोडले आणि माझ्या डोळ्यांदेखत ते जांभळट झाले. "रक्त खाली उतरतंय," व्यायामाच्या बाई म्हणाल्या. "परत वर चढवायचं शिरा विसरल्यात, शिकतील." मी इतकी निरखून बघत होते की रडायचं राहूनच गेलं. उभी राहिले तर तळव्यांना खडे टोचल्यासारखं झालं. टाचांची कातडी तान्ह्या बाळासारखी मऊ झाली होती. माझं एवढंसं वजन, पण कुणीतरी खांद्यावर पोतं ठेवल्यासारखं वाटलं. बाबांनी काखेत हात घातला होता.

दिवाळीनंतर मी शाळेत रुजू झाले. पाठीला पट्टा होता आणि अर्ध्या तासानंतर बसावं लागे. गुरुत्वाकर्षणाचा धडा आला, तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि दगडाचं सांगितलं. तो पडतच राहतो, फक्त आपटत नाही, असंच सांगितलं. मुली हसल्या. मग तळवे, टाचा, वर चढणारं पाणी, सगळं सांगितलं.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, आपल्याला स्वप्नात पडल्यासारखं होतं आणि दचकून जाग येते ना?"

"हो."

"अंतराळात गेलेले तर सारखे पडतच असतात. मग त्यांना ते स्वप्न पडतं का?"

मी खुर्चीत बसले. हॉस्पिटलात मला रोज चालण्याचीच स्वप्नं पडायची, एवढं मला आठवलं आणि ते मी तिला सांगितलं. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं, हे तिलाही कळलं आणि मलाही.

"माहीत नाही गं," मी म्हटलं. "कुणालातरी विचारायला हवं."