पावरीचं बटण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीटसं कळत नाही — पण आता पोटात ठेववत नाही, एवढं खरं.

मी शहाद्यात मोबाइल अ‍ॅप बनवतो. गाव कळसाडी, घरी ऊस. अ‍ॅप होतं फिरत्या दवाखान्याचं — गाडी कुठल्या दिवशी कुठल्या पाड्यावर येणार, ते सांगणारं. डोंगरातल्या पुष्कळ बायकांना वाचता येत नाही, म्हणून त्यात एक बटण होतं. दाबलं की तीच माहिती पावरीत, म्हणजे तिथल्या पावरा लोकांच्या बोलीत, ऐकू यायची. आवाज रमिलाचा. ती धडगावकडची पावरा, आमच्याच ऑफिसात कामाला. भर उन्हाळ्यात पंखा बंद करून, खिडकीला गोधडी लावून तिने एकेक वाक्य रेकॉर्ड केलं होतं. तिची आई म्हणे गरज नसतानाही ते बटण दाबायची.

मग अ‍ॅपची नवी आवृत्ती बांधायला घेतली आणि स्क्रीन लाल एररनी भरली. अ‍ॅपमध्ये दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची पॅकेजं जोडलेली असतात. आवाज वाजवणारं पॅकेज आणि लेखी सूचना पाठवणारं पॅकेज — दोघांनाही तिसरं एक पॅकेज लागायचं. एकाला त्याची जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवीच. आमच्या धंद्यात हे रोजचं. दोघांना चालेल अशी आवृत्ती शोधायची, थोडा कोड बदलायचा. कंटाळवाणं काम — पण पगार त्याचाच मिळतो ना?

त्या दिवशी घरी चुलतभावाचा साखरपुडा. आईचा फोन आला, "कव्हय येशी तू? सर्वा वाट देखी ऱ्हायनात." मी आवाजाचं पॅकेजच उडवलं. बटणही. अ‍ॅप मुकाट्याने बांधलं गेलं. मी पंगतीला वेळेवर पोचलो आणि पोटभर जेवलो.

नंतर परत जोडता आलं असतं. नाही जोडलं. का? — इथे जीभ अडते. साखरपुडा हे निमित्त. दोघांतलं सूचनांचं पॅकेज काढावं, हे माझ्या मनातही आलं नाही. आपल्यासारख्या वाचणाऱ्यांचं अडायला नको. डोंगरातल्यांचं काय, चालतं कसंही. आमच्याकडे ऊसतोडीला पावरा माणसं येतात, त्यांच्या पाण्याचा तांब्या वेगळा असतो. मी शिकलेला, असलं काही मानत नाही, असं चारचौघांत सांगत फिरायचो. किळस येते मला त्या माणसाची. तो तांब्या मी ऑफिसात घेऊन आलो होतो.

पण एवढ्यावर थांबलो तर तीही लबाडीच.

रमिलाने विचारलं, "सर, नव्या अ‍ॅपमध्ये माझा आवाज येत नाही. आई विचारते." मी काढला, आळस केला — इतकंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "कोणी ऐकतच नव्हतं गं. आकडे बघितले मी. तुमच्या लोकांना पावरी नकोय."

आकडे नव्हतेच. ते मोजायची सोयच आम्ही केलेली नव्हती. तिने विचारलं, "माझा आवाज चांगला नव्हता का?" मी "तसं नाही" म्हटलं आणि स्क्रीनकडे वळलो.

पुढे एकदा ते पॅकेज मी गुपचूप जोडून बघितलं. एका दुपारीत जमलं. बटण दाबलं, रमिला बोलली. आणि मी ते पुन्हा पुसून टाकलं — बटण परत आलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं. याला काय म्हणायचं? मला तरी चांगला शब्द सापडलेला नाही.

गेल्या महिन्यात धडगावला बैठक होती. नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही माहिती पावरीत ऐकवता येईल का? मी तोंड उघडायच्या आत रमिला बोलली. स्वच्छ, पुस्तकी मराठीत.

"नको मॅडम. आमच्या लोकांना पावरी नको असते. आम्ही करून बघितलंय, कोणी ऐकत नाही. सरांनी आकडे बघितलेत."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — हो.