खारा जोड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला नाही. देवापुढे उभा राहिलो तेव्हाही नुसते ओठ हलवून परत आलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ही पण एक पळवाटच, नाही का? असेल. आजवर पळतच आलोय.

गोष्ट लोकरीच्या बनियनची आहे. हसू नका.

मी गिरगावातला. आजोबा कारकून, वडील कारकून. मी मॅट्रिकला दोनदा आपटलो आणि गोदीत पाणबुड्यांच्या टोळीत चिकटलो. वडील चाळीत सांगायचे, आमचा धाकटा गोदीच्या हापिसात असतो. हापीस कसलं डोंबलाचं! पाणबुड्याच्या अंगावर कपडे चढवायचे, त्यावर रबरी पोशाख, डोक्यावर तांब्याचा टोप—आणि तो खाली उतरला की त्याच्या कमरेची दोरी हातात धरून वर बसायचं. माझा पाणबुड्या भिकू. शीव कोळीवाड्याचा, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा, हसला की हिरड्या दिसायच्या. सहा वर्षं मी त्याची दोरी धरली.

तुम्ही म्हणाल, मुंबईत लोकर कशाला? मलाही पहिल्या दिवशी तेच वाटलं होतं. पण गोदीच्या तळाशी, त्या काळ्या चिखलात तीन-तीन तास बसलं की जानेवारीत हाडं गोठतात. सुती बनियन घामाने चिकटतो आणि मग रबराच्या आत माणूस गारठतो. म्हणून लोकरीचा—जाड, काखेत सैल, बटण एकही नको, आणि उलटा घातलेला, म्हणजे शिवणी अंगात रुतत नाहीत. आमच्याकडे रीत होती, की पाणबुड्याने आपले कपडे आपण निवडायचे नाहीत. दोरी ज्याच्या हातात, कपडेही त्यानेच काढून द्यायचे.

आणि देण्याआधी चाखायचे. हो, चाखायचे! खाऱ्या पाण्यात बुचकळलेली लोकर उन्हात कडकडीत झाली तरी खरी वाळत नाही. मीठ आत राहतं, घाम ओढून घेतं, आणि तासाभरात ओलं फडकं गुंडाळल्यासारखं होतं. हाताला ते कळत नाही. जिभेला कळतं. म्हणून बाहीचं टोक जिभेला लावायचं. भिकू मला चिडवायचा, ‘काय रे, मीठ बरोबर पडलंय ना?’

आता ते दिवस—संयुक्त महाराष्ट्राचे. गिरगावात घोषणा देऊन आमचे घसे बसले होते. मी दगड मारले, दिवे फोडले, एका अनोळखी माणसाला नुसत्या संशयावरून तिघांनी मिळून गटारात पाडून तुडवला, त्या तिघांत मी होतो. तेही कुठे सांगितलंय कधी? मग गोळीबार झाला. माझा दादा माझ्या शेजारी उभा होता. गोळी त्याच्या जबड्यातून आरपार गेली. मी त्याला धरला, तेव्हा माझा सदरा गरम झाला—रक्त एवढं गरम असतं हे मला ठाऊक नव्हतं—आणि त्याचे दोन दात माझ्या तळहातावर आले. ते मी खिशात टाकले. का टाकले? फेकून कसे द्यायचे, म्हणून.

तिसऱ्या दिवशी मला कामावर जावं लागलं. गोदीच्या तोंडाशी एक लोखंडी तराफा बुडाला होता, त्याला साखळी घालून क्रेनने उचलायचा होता. दादा इस्पितळात होता. तोंडाच्या जागी नुसतं फडकं. ते दात अजून माझ्या खिशात होते.

भिकू कपड्यांच्या पेटीपाशी विडी ओढत बसला होता. मला बघून हसला. म्हणाला, ‘मुंबई तुमची का त्यांची, भांडा बाबांनो. आम्हाला जाळं टाकायला दर्या ठेवा म्हणजे झालं.’

एवढंच. गंमत केली त्याने. त्याला दादाचं ठाऊकच नव्हतं—मी सांगितलंच नव्हतं! आणि सांगायला मला काय धाड भरली होती? दोन शब्द बोललो असतो, तर तो विडी टाकून माझ्याआधी इस्पितळात धावला असता. पण माझ्या डोक्यात सणक गेली. पोलिसाच्या अंगावर जायची छाती नव्हती, बंदुकीसमोरून मी दादाला ओढत कुत्र्यासारखा पळालो होतो. हा समोर होता. हा माझ्या हातातला होता.

पेटीत दोन जोड होते. एक आदल्या आठवड्यात गोड्या पाण्याने धुतलेला. दुसरा हरताळात नळ बंद होता म्हणून कुणीतरी गोदीच्याच पाण्यात खंगाळून वाळवलेला. मी दोन्ही बाह्या जिभेला लावल्या. पहिली फिकी. दुसरी खारट, चांगली झणझणीत खारट.

मी दुसरा दिला.

चुकून नाही. नीट ऐका, चुकून नाही. मला वाटलं, वाजू दे जरा थंडी. माझ्या खिशात दादाचे दात आहेत, याचे तोंडातले जरा वाजू देत. हेच वाटलं, याच शब्दांत. बनियन चढवताना तो म्हणालासुद्धा, ‘जरा आंबूस वास येतोय रे.’ मी म्हटलं, ‘लोकर आहे, गुलाबपाणी मारून देऊ का?’ तो हसला आणि हात वर केले. मी टोप बसवला, आटे फिरवले.

दीड तास झाला, आणि दोरीतून मला त्याची कुडकुड कळायला लागली. दोरी सगळं सांगते. बारीक, सारखी थरथर. तेव्हा वर घ्यायला हवं होतं. मी घेतलं नाही. मला बरं वाटत होतं. हो, वाटत होतं बरं, त्याला मी काय करू?

अंग गारठलं की बोटं आधी मरतात. साखळी तराफ्याच्या कडीत अडकवल्यावर आपली बोटं बाहेर निघाली की नाही, हे त्याला कळलंच नाही. त्याने दोरीला खूण दिली. मी क्रेनवाल्याला हात केला. साखळी ताणली.

वर काढला तेव्हा उजव्या हाताला अंगठा होता, बाकी काही नव्हतं. टोप काढला तर त्याच्या तोंडातून आवाज येत नव्हता. ओठ निळे, दात कडाकडा वाजत होते. मला हवे होते तसेच वाजत होते. रक्त माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं, आणि तेही गरमच होतं.

मग चौकशी झाली. साहेबाने विचारलं, एवढा जुना माणूस, बोटं कशी राहिली मध्ये? मी म्हणालो, ‘सकाळी ताडी पिऊन आला होता.’ कोळी म्हटल्यावर कुणी दुसरं विचारलंही नाही. मान हलली, कागदावर उतरलं. भिकूला कामावरून काढला. तोवर मी तो बनियन गोड्या पाण्याने तीनदा धुऊन पेटीत ठेवला होता.

त्याने मला कधी काही विचारलं नाही. अंगठ्याने आणि डाव्या हाताने जाळी विणायला शिकला. त्याची बायको जनाबाई आमच्या गल्लीत मासळी घेऊन यायची, आणि माझ्या बायकोच्या ताटलीत दोन बोंबील जास्तीचे टाकायची. ‘भाऊंनी दोरी सोडली नाही म्हणून माझा माणूस घरी आला,’ म्हणायची. ते बोंबील मी खाल्ले. दर वेळी खाल्ले, चवीने खाल्ले.

पुढे भिकू छातीने आजारी पडला. निरोप आला म्हणून मी कोळीवाड्यात गेलो. पांघरुणाखाली तो कुडकुडत होता. जनाबाईने खोक्यातून दोन जुने लोकरीचे बनियन काढून माझ्यापुढे धरले. ‘भाऊ, कुठला घालू? हे म्हणतात, कपडे तुम्हीच निवडायचे.’

मी एक उचलला. आणि सवयीने—अगदी सवयीने हो, कळायच्या आत—बाहीचं टोक जिभेला लावलं. फिकं होतं.

भिकू माझ्याकडे बघत होता. आवाज नव्हताच, नुसता श्वास.

‘त्या दिवशीपण चाखला होतास,’ तो म्हणाला. ‘मी बघितलं होतं. म्हणून तर घातला.’

जनाबाईला काही कळलं नाही. तिने त्याला पाठीला हात देऊन बसवलं. त्याने दोन्ही हात वर केले, तसेच, गोदीवर करायचा तसे. मी बनियन उलटा केला आणि त्याच्या डोक्यातून घातला. उजवी बाही ओढताना त्याचा अंगठा लोकरीत अडकला, तो मी सोडवला.