हात तिथंच थांबवा, आत्याबाई

फोन आला तेव्हा माझ्या हातात चेंडू होता. सकाळची वेळ, शाळेचं मैदान, आणि जाळीच्या पलीकडे आठवी-नववीच्या पोरी गुडघे वाकवून उभ्या. फोन माझ्या मुलाचा, भीमाचा, लातूरच्या दवाखान्यातून. "माय, सविता गेली," एवढंच म्हणाला. मी फोन कमरेला खोवला आणि हातातला चेंडू मारला. का मारला ते मला आजही सांगता येत नाही. पोरींनी तो वरच्यावर उचललासुद्धा. मग मी त्यांना सांगितलं.

पुढं गावात बोलणं झालं की म्हातारी दगडाची आहे. म्हणू द्या. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही, ते कुणाला दिसत नाही. गॅसवर दूध ठेवते आणि ते तसंच टाकून गोठ्यात जाते. गोठ्यात गेले की वाटतं, मैदानावर काहीतरी राहिलंय. मैदानावर जाते तर तिथं काहीच राहिलेलं नसतं... हे लिहितेय तेही उभ्यानंच, ओट्यावर कागद ठेवून. चौथीपर्यंत शिकलेय, चुकलं तर सावरून घ्या.

सविता माझी सून. माहेर अर्धापूरचं, केळीच्या बागेतलं. नांदेडला कॉलेजात असताना व्हॉलीबॉल खेळायची. हे आम्हाला लग्न ठरवताना कुणी सांगितलं नव्हतं. आमचं गाव मुरुडजवळ. ती नांदायला आली त्या दिवशी तिची पेटी उघडली, तर साड्यांच्या खाली हवा काढलेला चेंडू. मी विचारलं, "हे काय गं?" म्हणाली, "चेंडू, आत्याबाई." म्हटलं, "कशाला?" तर म्हणाली, "खेळायला." तोंड वर करून, लाजबीज काही नाही. मी पेटीचं झाकण लावलं. ही पोरगी आपल्याला जड जाणार हे मला तेव्हाच कळलं, आणि गेलीच.

तिच्या अंगात भिंगरी होती. जेवताना मधेच उठायची, निवडण अर्धं टाकून अंगणात जायची, भाकरी तव्यावर असताना टाचा वर-खाली करायची. मी ओरडायचे, "बूड टेकव की गं जरा." ती म्हणायची, "तुम्ही तरी कुठं टेकवता?" एका घरात न बसणाऱ्या दोन बायका म्हटल्यावर भांडणं व्हायचीच. लई झाली. पण कुणी रुसून कोपऱ्यात बसलंय असं कधी झालं नाही, कारण बसायचं दोघींनाही जमत नव्हतं.

गावच्या शाळेत खेळाचे मास्तर नव्हते. ही आपणहून गेली, जाळी बांधली आणि पोरींना शिकवायला लागली. पोरी तालुक्याला जिंकायच्या, जिल्ह्याला गेल्या की शिरूर अनंतपाळच्या पोरींकडून हरून यायच्या. त्यांच्यात एक उंच पोरगी होती. तिची सर्व्हिस, म्हणजे खेळ सुरू करायला मागच्या रेषेवरून मारतात तो चेंडू, आमच्या पोरींना उचलताच येत नव्हती. तो चेंडू गिरक्या न घेता हवेत डुलत यायचा आणि भलतीकडेच पडायचा. तशी सर्व्हिस आमच्याकडे फक्त सविताला येत होती. म्हणून रोज सकाळी ती जाळीच्या अलीकडून मारायची आणि पोरी पलीकडून उचलायला शिकायच्या. यंदा शिरूरचा चेंडू जमिनीला लागू द्यायचा नाही, हा तिनं ध्यासच घेतला होता.

त्यात दुखणं निघालं. छातीचं, उजव्या बाजूचं. ऑपरेशन झालं आणि हात खांद्याच्या वर जाईना. सुजायचा, जड पडायचा. आता चेंडू मारणार कोण? गावातल्या पोरांना शूटिंग व्हॉलीबॉलची सवय, मूठ वळून धाडधाड हाणायचे, डुलता चेंडू त्यांना येत नव्हता. शिवाय पोरींच्या आया पोरांना मैदानात उभं राहू देईनात. मग सविता खुर्चीवर बसून सांगायची आणि पोरीच आळीपाळीनं मारायच्या. मी खुर्ची उचलून न्यायला आणि तिच्या डोक्यावर छत्री धरायला जायचे.

पोरींचे चेंडू जाळीपर्यंतही जाईनात. एक दिवस माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "अगं, भाकर थापायला याच्यापेक्षा जोर लागतो!"

सविता मागं न बघता म्हणाली, "मग तुम्हीच मारा की, आत्याबाई."

पोरी फिदीफिदी हसल्या. मी छत्री तिच्या मांडीवर आपटली आणि गेले. माझा हात गोफणीचा. ज्वारी हुरड्यात आली की शेतातल्या माळ्यावर उभी राहून मी गोफण फिरवायचे, पलीकडच्या शिवारातली पाखरं उठायची. म्हटलं, चेंडू काय चीज आहे. उंच उडवला, हात गरकन फिरवला... चेंडू माझ्या मागं पडला. पोरी जमिनीवर लोळल्या. सविताही हसली, मग हसता हसता तिनं हातानं बाजू दाबून धरली.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. गोठ्याच्या भिंतीवर मारून बघितलं, म्हैस बुजली. शेवटी म्हटलं, "नीट सांग, काय चुकतंय?" ती म्हणाली, "तुम्ही गोफण फिरवून राहिल्या, आत्याबाई. हात गोल न्यायचा न्हाई. आणि चेंडू उडवायचा न्हाई, ठेवायचा. फडताळावर डबा ठेवता तसा हवेत ठेवायचा, उजव्या खांद्याच्या समोर." डावा पाय पुढं घ्यायला लावला. मनगटाजवळचा तळवा दाबून दाखवला, "हितं लागला पाहिजे, बोटांवर न्हाई. दार फुगून अडकलं की कसा धक्का देता, तसा." हे मला समजलं. दारं आमची दर पावसाळ्यात फुगतात.

पण एक गोष्ट काही केल्या जमेना. चेंडूला हात लागला की हात तिथंच थांबवायचा. चेंडूच्या मागं जाऊ द्यायचा नाही, तरच तो डुलतो. गोफणीत हात कधी थांबत नाही, सूप पाखडताना थांबत नाही, खुरपताना थांबत नाही. जन्मभर जे केलं त्यात थांबणं नव्हतंच. ती खुर्चीवरून ओरडायची, "थांबवा! हात तिथंच थांबवा, आत्याबाई!" मी ओरडायचे, "न्हाई थांबत तर काय तोडून ठेवू?" रस्त्यानं जाणारे बघायला थांबायचे. सासू-सुनेचं भांडण लोक दारात बघतात, आमचं मैदानात होतं.

आणि एका सकाळी थांबला. हात थांबला आणि चेंडू पुढं गेला, डुलत, झोकांड्या खात. पलीकडची पूजा उजवीकडे धावली, चेंडू तिच्या डावीकडे पडला. सवितानं डाव्या हातानं मांडीवर फटका मारला. "आता ह्या झाल्या शिरूरवाल्या!" म्हणाली. शाबासकी वगैरे दिली नाही. द्यायची रीतच नव्हती आमच्यात.

मग ती लातूरला दाखल झाली ती परत आली नाही. मी शेवटची भेटले तेव्हा तब्येतीचं बोललीच नाही. "पोरी उचलतात का?" म्हटलं, "उचलतात. पूजा तेवढी डोळे मिटते." म्हणाली, "तिला सांगा, नाकावर आला तरी डोळे उघडे. आणि तुमचा हात?" म्हटलं, "कधी थांबतो, कधी न्हाई." ती चिडली. त्या दुखण्यातही चिडली. "न्हाई थांबला तर चेंडू सरळ जातो. सरळ गेलेला कुणीबी उचलतंय. डॉक्टरला म्हणावं, मला मॅचपुरतं तरी सोडा." मी डॉक्टरला म्हणाले. ते पुढच्या खाटेकडे वळले.

जिल्ह्याची मॅच सुतकातच आली. सगळं उरकून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी चेंडू काढला, तर शेजारची गोदावरी दारात आडवी. "काकू, तेरावं झालं न्हाई आन् मैदानात? पोरींना शिवाशिव व्हईल."

"चेंडूला सुतक नसतं, गोदे."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना सर्व्हिस येती का? येत आसंल तर यावं आन् मारावी. मी घरी बसते."

भीमा ओसरीवर बसून होता. तो उठला. मला वाटलं, अडवणार. त्यानं माझ्या हातातून चेंडू घेतला, पंप आणला, हवा भरली, आणि सविता दाबून बघायची तसा अंगठ्यानं दाबून बघितला. मग माझ्या हातात दिला आणि परत जाऊन बसला.

मैदानात त्या दिवशी कुणी आलं नाही. मी एकटीच मारत राहिले आणि पलीकडे जाऊन चेंडू आणत राहिले. दुसऱ्या दिवशी पूजा आली, आईला चुकवून. मग बाकीच्या आल्या. मग त्यांच्या आया आल्या, पोरींना न्यायला म्हणून, आणि कडेला उभ्या राहून बघू लागल्या.

मॅच लातूरला होती. तिथं मी खुर्चीवर बसले नाही. शिरूरच्या त्या उंच पोरीनं चेंडू ठेवला, मारला, हात थांबवला. चेंडू डुलत पूजाकडे आला. तिचे डोळे उघडे होते. तिनं उचलला. पुढचाही उचलला... ती मॅच पोरींनी घेतली. त्याच्या पुढची हरल्या, तेही सांगून टाकते. पूजा पळत आली ती हसत, "आजी, तिची सर्व्हिस लई सोपी हाय. तुमची लई वंगाळ!" मी तिला पाणी प्यायला पिटाळलं आणि मैदानाच्या मागं जाऊन उभी राहिले. तिथंही उभं राहवेना, म्हणून फेऱ्या मारल्या.

चेंडू आता आमच्या फडताळात असतो, लोणच्याच्या बरणीशेजारी. सविता तिथंच ठेवायची आणि मी रोज ओरडायचे. अजून काढलेला नाही. सकाळी तो घेऊन जाते. नव्या पोरी आल्यात, त्यांना अजून काही येत नाही. मी डावा पाय पुढं टाकते, चेंडू हवेत ठेवते, मारते आणि हात तिथंच थांबवते. चेंडू डुलत जाळीपलीकडे जातो. तो खाली येईपर्यंत मी हलत नाही. अख्ख्या दिवसात तेवढंच काय ते मी एका जागी असते. मग पलीकडून कुणीतरी ओरडतं, "आजी, पुढचा!" आणि मी परत आलेल्या चेंडूसाठी वाकते.