नव्या कपाटाचा वास आणि घटाचा दिवा

उमेळे गावाच्या बाजूला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा मला एकाच गोष्टीची हौस होती, हॉलमध्ये भिंतभर कपाट. लग्नानंतरची सगळी वर्षं गिरगावच्या चाळीत खाटेखालच्या ट्रंकांतून साड्या ओढून काढल्या होत्या. नवऱ्याने नेहमीप्रमाणे ‘आईला विचार’ म्हटलं. सासूबाईंची हरकत नव्हती, अट होती. पितृपक्षात घरात नवं काही करायचं नाही. त्यामुळे कपाटाचा सांगाडा पंधरवडाभर नुसता उभा राहिला. सर्वपित्री अमावस्या पंचांगाप्रमाणे दुपारीच संपत होती. सासूबाईंनी चष्मा लावून स्वतः खात्री करून घेतली आणि सुतारांना संध्याकाळी यायची परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी घट बसायचे होते. इतका बारीक विचार आमच्याच घरात होऊ शकतो.

सनमायका चिकटवायला सुतारांनी पिवळट, दाट गम आणला होता. डबा उघडल्याबरोबर सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. जाताना मोठे सुतार म्हणाले, “आज घरात काडी ओढू नका. आणि चार दिवस खिडक्या सताड उघड्या ठेवा.” पहिली गोष्ट आम्ही पाळली, जेवण बाहेरून मागवलं. दुसरी पाळणं शक्य नव्हतं.

कारण सकाळी हॉलमध्येच घट बसले, आणि घटाजवळचा दिवा दसऱ्यापर्यंत अखंड तेवत ठेवायचा असतो. सासूबाई या घरात सून म्हणून आल्या तेव्हापासून तो दिवा त्यांच्या हाती होता आणि एकदाही शांत झाला नव्हता. चाळीतल्या खोलीत मुळी वाराच शिरत नसे. इथे केळीच्या वाड्यांवरून येणारा वारा हॉलमध्ये नुसता थैमान घालायचा. म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, बाहेर ऑक्टोबरचं ऊन आणि आत माझं कपाट. सासूबाईंना दमा होता.

वासावर आम्ही घरगुती उपाय सुरू केले. कापलेले कांदे पाण्यात घालून चारी कोपऱ्यांत ठेवले. कपाटात कोळसे ठेवले, कडुलिंबाचा पाला पसरला. मग नवऱ्याच्या डोक्यातून उदाचा धूर निघाला. त्यानंतर घरात गम, कांदा आणि ऊद असा तिन्हींचा मिळून एक वास झाला, त्याला नाव देणं अवघड आहे. नवऱ्याने कंदिलाची काचही आणली, पण ती आमच्या पसरट पितळी दिव्यावर बसेना. समोरच्या फ्लॅटमधली बाई मूळची उमेळ्याची. दारातूनच नाकाला पदर लावून ती सासूबाईंना म्हणाली, “काकी, कांद्याच्या पान्यानं काय होनार? वारा घ्या ना घरात.” सासूबाई म्हणाल्या, “दसरा झाला की घेऊ.”

त्यांना दुसरीकडे न्यावं, तर घटी बसलेल्या बाईने घर सोडायचं नाही. डॉक्टर येऊन गेले. त्यांनी पंपाचे डोस वाढवले आणि या हवेत त्यांना ठेवू नका, म्हणाले. सासूबाईंनी त्यांना प्रसाद दिला. रात्रभर त्या भिंतीला टेकून बसून राहायच्या, आडवं झालं की धाप लागायची.

तिसऱ्या माळेच्या दुपारी नवरा ऑफिसात होता. माळ बांधताना सासूबाईंचे हात मध्येच थांबले. ओठ काळवंडले होते. पंप दोनदा ओढूनही छाती भात्यासारखी वर-खाली होत राहिली. घाबरले की मी चिडते.

“आई, दिवा राखायचा आहे की जीव?”

“दिवा,” त्या म्हणाल्या. एका श्वासात तेवढंच बोलता येत होतं.

मग मी त्यांना काही विचारलं नाही. हॉलच्या खिडक्या उघडल्या, पंखा पाचावर केला आणि स्वयंपाकघरातलं सूप आणून दिव्यासमोर आडवं धरून बसले. सासूबाईंनी हात उचलला, बहुतेक मला थांबवायला, पण तो तसाच खाली आला. त्या सतरंजीवर खिडकीपाशी कलंडल्या. माझा असल्या गोष्टींवर फारसा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. तरी दुपारभर मी त्या वातीवर डोळे लावून बसले. त्या वातीची त्यांना असेल तेवढीच काळजी मलाही वाटत होती, हे मला पटत नव्हतं, पण खरं होतं. हळूहळू त्यांच्या घशातली शिटी कमी झाली. वासही जरा पातळ झाला.

हाताला मुंग्या आल्या म्हणून मी सूप या हातातून त्या हातात घेतलं. तेवढ्यात दिवा गेला. फडफडलासुद्धा नाही. वातीतून धुराची एक रेघ निघाली आणि पंख्याखाली मोडली.

मी मागे पाहिलं. सासूबाई जाग्या होत्या आणि वातीकडेच बघत होत्या. मी काडी ओढली, पहिली वाया गेली. दुसरीने दिवा लागला. सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्या कुशीवर वळल्या, खिडकीकडे तोंड केलं आणि त्यांनी एक लांब श्वास घेतला. आम्ही एकमेकींशी त्याबद्दल कधीच बोललो नाही. त्यानंतर रोज दुपारी खिडक्या उघडत गेलो, आळीपाळीने सूप धरलं, आणि वास एकदाचा घराबाहेर पडला.

दसऱ्याला सोनं द्यायला सासूबाईंच्या नणंदबाई आल्या. त्यांना आमच्या फ्लॅटमध्ये खोट काढायचीच होती. कपाटाला हात लावून पाहिल्यावर त्यांनी विचारलं, “एवढा वारा इथे. दिवा राहिला का गं नीट?”

सासूबाई देवाधर्मात कधी खोटं बोलत नसत. चहात साखर जास्त पडली, तरी देवासमोर कबूल करणारी बाई. मी ट्रे हातात धरून उभी होते.

“अखंड होता,” त्या म्हणाल्या. “सुनेनं राखला. पुढच्या वर्षीपासून दिवा तिच्याकडे.”

मी ट्रे तसाच घेऊन आत गेले, कारण मला रडू येत होतं आणि नणंदबाईंना ते दाखवायचं नव्हतं.