डोंगरे सरांची उलटी मोटर

तीन आठवडे झाले. पांढुर्ण्यातल्या माझ्या मोटरदुरुस्तीच्या दुकानात मोहगावच्या एका शेतकऱ्याची जळालेली मोटर नव्या तारेनं भरत आणली होती, आणि सौंसरहून फोन आला... डोंगरे सर गेले. मला हे काम शिकवणारा माणूस! शेतकरी समोरच बसलेला, त्याच्या संत्र्यांना पाणी हवं होतं. मी हात थांबवले नाहीत.

सौंसरच्या आमच्या शाळेत सरांची कामाची खोली सर्वांत मागे. तिच्या पाटीवर त्यांनीच रंगवलेली नावं एकावर एक चढलेली. आधी कार्यानुभव, मग समाजोपयोगी उत्पादक कार्य (ते पाटीत मावेना, शेवटची अक्षरं भिंतीवर गेली!), मग व्यावसायिक शिक्षण. सरकारचं धोरण बदललं की सर ब्रश काढायचे. म्हणायचे, "मी पोरगा असताना शाळेत सुताची टकळी फिरवली, तवापासून पाहून राहिलो. पाटी बदलते. पोरांच्या हाताले काम आलं पाहिजे, हे काही बदलत नाही." निवृत्तीनंतर 'कौशल्य' हे नवं नाव आलं, तर तेही रंगवायला म्हातारा डबा घेऊन हजर!

धोरण सगळ्यांसाठी होतं, पण वेळापत्रकात पोरींना फक्त शिवण. मला सुईचा वैताग आणि मोटरीचं वेड! सरांना सांगितलं, तर ते परिपत्रक घेऊन तडक मुख्याध्यापकांकडे. "पोरींनी शिवणच शिकावं, असं यात कुठी लिहिलं हाय? दाखवा मले!" कुठेच नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, "बरं, एक मोटर भरून दाखवू द्या. नाही फिरली तर परत शिवणात."

आठवडाभर मी तारेशी झुंजले. अख्खी शाळा जमली, बटण दाबलं... अन् बाप्पा, मोटर फिरली, पण उलटी! पोरं खो खो हसली, मला रडू फुटलं. सर मात्र टाळ्या पिटत होते. "अवं, काऊन रडून राहिली? फिरली ना! दोन वायरींची अदलाबदल कर, होते सुलटी." केली. झाली! माझं शिवण सुटलं ते कायमचंच.

त्या दिवशी फोननंतर मी मोटर जोडली, बटण दाबलं. उलटी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शेतकरी घाबरला, "बिघडली का जी, ताई?" मला रडूही येत होतं आणि हसूही आवरेना.

"नाही जी काका. फिरून तर राहिली ना!"

दोन वायरी बदलल्या, मोटर त्याच्या गाडीत चढवली आणि हाताचं ग्रीस न धुताच सौंसरची बस धरली.