जिथं थांबलो तिथून पुढे

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची आठवण लोकांना दोनच वेळा होते. लिफ्ट मध्येच अडकली की, आणि अडकल्याबद्दल कुणावर तरी ओरडायचं असलं की. मिस्त्री दोन्ही फोन सारख्याच थंडपणे घ्यायचे. "आलोच," म्हणायचे आणि खरंच यायचे. अंगानं काटकुळे, शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर लटकलेला, आणि एकदा बोलायला लागले की समोरच्यानं घड्याळ बघावं, दार बघावं, काही उपयोग नाही.

बायको इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. सगळी इमारत तिला सिस्टर म्हणायची. ऐकून ऐकून मिस्त्रींच्या तोंडीही तेच बसलं. एकदा बाजारात त्यांनी गर्दीतून हाक मारली, "अहो सिस्टर, कांदे राहिले!" भाजीवाल्या बाईनं त्या दोघांना बहीणभाऊ समजून मिस्त्रींना विचारलं, "यांचं सासर कुठलं हो?" सिस्टर पिशवी धरून रस्त्यातच हसत बसल्या.

लग्न झाल्यापासून दोघांच्या पाळ्या कधी जुळल्याच नाहीत. गाठ पडायची ती दारात. एक चप्पल काढतोय, दुसरी घालतेय. दोघांनाही पिक्चरचं वेड, पण बरोबर बसून बघणं काही नशिबात नव्हतं. मग मिस्त्रींनी युक्ती काढली. घरात एक जुना व्हीसीआर आला होता. सिस्टर सकाळी ड्यूटीवरून आल्या की केस वाळवता वाळवता थोडा पिक्चर बघायच्या, बटण दाबायच्या आणि झोपायला जायच्या. संध्याकाळी मिस्त्री यायचे, मशीनवरचा आकडा ध्यानात ठेवायचे, टेप मागे न्यायचे, आणि बघत बघत बरोबर त्याच आकड्यापाशी येऊन थांबायचे. एक मिनिटही पुढे नाही. पुढचं दोघांनी पाठोपाठ बघायचं, हा घरातला कायदा.

कॅसेटी गेल्या, तबकड्या आल्या आणि मोठी पंचाईत झाली. कॅसेट काढली, घातली, तरी जिथं थांबवली तिथंच थांबलेली असायची. तबकडी बाहेर काढली की सगळं विसरायची. मग सिस्टर वॉर्डातल्या फोनवरून घरी कळवायच्या. एकदा त्या अगदी हळू आवाजात बोलत होत्या, "मी त्याला विहिरीत ढकललं तिथपर्यंत आलेय. तुम्ही त्याच्या पुढे जाऊ नका." मागे मेट्रन उभ्या होत्या. त्या दिवशी मेट्रनबाईंना सगळा पिक्चर सांगावा लागला, आणि त्यांनी मग रोज विचारायला सुरुवात केली, "काय गं, पुढे काय झालं त्या विहिरीचं?"

अशी वर्षं गेली. लेक मोठी झाली, कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी लांब गेली. जाताना तिनं घरात एक काळी पेटी बसवून दिली. सगळे पिक्चर, सगळ्या मालिका त्या पेटीत. प्रत्येक टीव्हीजवळ हाताच्या पंजाएवढा एकेक प्लेअर. एक हॉलमध्ये, एक झोपायच्या खोलीत, आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या टीव्हीला एक, गाणी लावायला. कुणी कुठपर्यंत बघितलं हे ज्याचा तोच प्लेअर लक्षात ठेवायचा. मिस्त्री हॉलमध्ये बघायचे, सिस्टर आत पडून बघायच्या. आतल्या टीव्हीवर डोकावलं की बायको कुठपर्यंत आली ते कळायचं. गाडी पुन्हा रुळावर आली.

स्वयंपाकघर सासूबाईंचं. सिस्टरांची आई सासरे गेल्यापासून या घरातच होत्या. कानानं कमी ऐकू यायचं, जिभेनं मात्र काही कमी नव्हतं. लेक-जावई एका लांबलचक मालिकेत अडकले होते. समुद्रात एक खडक, त्यावर दीपगृह, आणि तिथं राहणाऱ्या माणसांपैकी कुणीतरी एकजण खुनी. जेवताना दोघांचं तेच चालायचं.

"मी सांगते, डॉक्टरच आहे."

"अगं, डॉक्टर कशाला मारेल? तो होडीवाला बघ, किती गोड बोलतो."

सासूबाई आमटी वाढता वाढता नाक मुरडायच्या. "जेवताना कसली ती खुनाखुनी! चांगलं काही बघायला नाही का?"

मग हॉलमधल्या प्लेअरनं मान टाकली. मधेच बंद पडायचा, थपडा मारल्या की सुरू व्हायचा, नंतर थपडांनाही दाद देईना. मिस्त्री दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "नवीन घ्या, वायर लावा, झालं."

"आणि आम्ही कुठपर्यंत बघितलंय ते?"

"ते जाणार."

"जाणार म्हणजे?"

"काका, पिक्चर तर राहतायत ना तुमचे! पहिल्यापासून बघा."

मिस्त्री घरी आले ते तोंड पाडूनच. कितीतरी वर्षांचं बघणं त्या डबीत होतं. कुठला पिक्चर अर्ध्यात आवडेनासा झाला, कुठला दोनदा बघितला, कुठला लेक सुट्टीला आल्यावर बघायचा म्हणून राखून ठेवला. संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, घाबरू नका. जुना अजून चालू होतोय ना थोडा वेळ? मग त्याच्यातली नोंद पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. तिन्ही प्लेअरची घ्या. आणि आता प्रत्येकानं आपलं आपल्यापाशी ठेवण्यापेक्षा सगळी नोंद पेटीतच ठेवू. मग कुठल्याही खोलीत बसा, जिथं थांबलात तिथून पुढे सुरू."

"म्हणजे हॉलमध्ये बघता बघता उठून आत गेलो तरी?"

"तरी."

मिस्त्रींना हे इतकं आवडलं की सिस्टर घरी येऊन चहा पिईपर्यंत त्यांनी त्यांना तीनदा समजावून सांगितलं. "लाइट गेली की लिफ्टला आपण कुठल्या मजल्यावर आहोत ते कळत नाही बघ. मग ती बिचारी तळमजल्यापर्यंत जाते आणि तिथून पुन्हा मोजायला लागते. आपलं तसं नको व्हायला."

"नको व्हायला," सिस्टर म्हणाल्या. "पण आधी बूट काढा."

सुट्टीच्या दिवशी मिस्त्री मांडी ठोकून बसले. जुन्या प्लेअरमागे टेबलफॅन लावला, म्हणजे तो तापून बंद पडायला नको. नोंद उतरली. नव्यात घातली तर सगळं कोरं. अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की नवा प्लेअर काळ्या पेटीला भलत्याच नावानं ओळखतोय, म्हणून जुन्या नोंदीतला एकही पिक्चर त्याला आपला वाटत नाही. नाव बदललं आणि सगळ्या खुणा पटापट जागेवर आल्या. मिस्त्रींनी हर्षानं आरोळी ठोकली. सासूबाईंनी आतून विचारलं, "शॉक बसला का हो?"

मग त्यांनी तिन्ही नोंदी एकत्र पेटीत ओतल्या. तिथं चूक झाली. लेकीनं सांगितलं होतं, प्रत्येकाच्या नावानं वेगळा कप्पा करा. उत्साहाच्या भरात मिस्त्री ते विसरले. सगळं एकाच नावावर गेलं, आणि एकाच पिक्चरच्या दोन खुणा सापडल्या की पेटी त्यातली सगळ्यात पुढची तेवढी ठेवायची.

संध्याकाळी दोघांनी दीपगृहाची मालिका उघडली. सगळ्या भागांवर हिरवी टिक. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळं बघून झालेलं.

सिस्टर सावकाश नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही पुढे गेलात."

"मी? शपथ! मी तर अजून वादळापाशीच आहे. तूच गेली असशील. मी काय रोज आत डोकावून बघतो?"

"मी? इतक्या वर्षांत कधी गेलेय का?"

दोघंही एकमेकांकडे रोखून बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण संशय असा पहिल्यांदाच आला होता. मिस्त्रींनी पेनड्राइव्ह काढला आणि तिन्ही नोंदी वेगवेगळ्या उघडल्या. हॉलमधली वादळापाशी थांबलेली. आतली त्याच्या जरा पुढे, एका भागानं.

"जरा पुढे?" मिस्त्रींनी भुवया उडवल्या.

"ड्यूटी बदलली होती तेव्हा. सांगणारच होते."

तिसरी नोंद स्वयंपाकघरातली. सगळी मालिका पूर्ण. आणि दुसऱ्यांदा बघायला घेऊन निम्म्यावर.

दोघांच्या माना एकदमच स्वयंपाकघराकडे वळल्या. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या राहून आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसत होत्या.

"आई," सिस्टर त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, "तू दीपगृहाची मालिका बघितलीस?"

"कुठलं दीपगृह?"

"आई!"

"मला कुठं ऐकू येतं?"

हे मात्र खरं होतं, आणि त्यामुळेच कुणाला पत्ता लागला नव्हता. सासूबाई आवाज बंद करून, खाली येणारी अक्षरं वाचत बघायच्या. भाजी निवडता निवडता, दुपारी, घरात कुणी नसताना. ज्या दिवशी सिस्टरांना लांबची पाळी आणि जावई कुठल्याशा इमारतीत अडकलेला, त्या दिवशी तर सलग.

"अगं, पण मग नाक कशाला मुरडायचीस?"

सासूबाईंनी फडकं आपटलं. "मग काय करू? तुम्ही दोघं रोज जेवायला बसलात की डॉक्टर म्हणता, होडीवाला म्हणता. मला सगळं माहीत! तोंड दाबून बसायची माझ्यावर वेळ. किती त्रास होतो माहितीये? आमटी वाढताना हात थरथरायचा माझा. तुम्हाला वाटायचं म्हातारपण."

मिस्त्री हसता हसता ओट्याला टेकले. सिस्टरांचा राग पाघळला, पण कुठंतरी चटकाही लागला. आई दिवसभर घरात एकटी असते, हे त्यांना माहीत होतं. ती काय करते, हे कधी विचारलं नव्हतं. "आम्हाला सांगायचं तरी," त्या हळूच म्हणाल्या. आईला ते ऐकू गेलं नाही. मग सिस्टरांनी मोठ्यानं विचारलं, "आलं घालून चहा करू का?" तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "कोण आलं?" आणि सगळंच हसण्यावारी गेलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पेटीतल्या सगळ्या खुणा पुसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मांडणी केली. या वेळी तीन कप्पे. हॉलमधली नोंद त्यांच्या नावावर, आतली सिस्टरांच्या, ओट्यावरची सासूबाईंच्या. खुणा जिथल्या तिथं लागल्या. सासूबाईंच्या कप्प्यावर लावायला चित्र निवडायचं होतं, तर त्यांनी सगळी चित्रं बघून दात विचकलेलं माकड निवडलं. "जावईबापू, हे तुमच्यासारखं दिसतं," म्हणाल्या.

त्याच सुमारास सिस्टरांना बाह्यरुग्ण विभागात दिवसाचं काम मिळालं. गुडघे दुखायला लागले होते, मेट्रनबाईंच्या जागी आलेल्या बाईंनी समजून घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदाच नवराबायको रोज संध्याकाळी एका वेळी घरात. दोघांनी ठरवलं, आता उरलेली मालिका एका कोचावर बसून बघायची.

आणि जमेचना. मिस्त्री दर दोन मिनिटांनी थांबवून होडीची मोटर अशी चालतच नाही हे समजावून सांगायचे. सिस्टर थकलेल्या, मालिकेचं नाव पडद्यावर येईपर्यंत घोरायला लागायच्या. उठल्यावर म्हणायच्या, "मागे घ्या." मिस्त्री म्हणायचे, "कुठपर्यंत?" त्यांना ते सांगता यायचं नाही. तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही रागावू नका, पण दारात भेटायचो तेच बरं होतं."

सोडवणूक केली सासूबाईंनी. त्या येऊन दोघांच्या मधे बसल्या. जावयानं रिमोटला हात लावला की त्याच्या मनगटावर चापट. लेकीची मान कलली की कोपरानं ढोसणं. आवाज बंदच, सगळ्यांनी अक्षरं वाचायची. वाचायचं असल्यामुळे मिस्त्रींना बोलता येईना आणि सिस्टरांना डोळे मिटता येईनात.

शेवट माहीत असलेलं माणूस शेजारी बसलेलं, म्हणून दोघंही पडद्यापेक्षा त्यांच्याच चेहऱ्याकडे बघायचे. होडीवाला आला की म्हातारीचे डोळे मोठे व्हायचे, ओठ आवळले जायचे. मिस्त्री बायकोला खुणावायचे: बघ, सांगितलं होतं! डॉक्टर आला की सासूबाई अगदी निवांत, सुपारी कातरत बसल्यासारख्या. सिस्टरांनी हार मानली.

शेवटच्या भागात खुनी पकडला गेला. तो ना डॉक्टर होता, ना होडीवाला. दिव्याच्या काचा पुसणारी ती शांत बाई होती, जिच्याकडे दोघांनी कधी लक्षच दिलं नव्हतं.

मग सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी.

"तुम्ही मुद्दाम!" मिस्त्री ओरडले. "तो डोळे मोठे करायचा प्रकार मुद्दाम होता!"

"तुम्ही माझं तोंड कशाला वाचत होता? खाली एवढी मोठी अक्षरं येत होती की!"

सिस्टरांनी आईला घट्ट मिठी मारली आणि त्याही हसत सुटल्या. बऱ्याच वेळानं सगळे शांत झाले. मिस्त्रींनी रिमोट घेऊन पुढची मालिका शोधायला सुरुवात केली. आगगाडीतल्या चोरीची एक होती, तिघांनाही पसंत पडली.

"कुणाच्या नावावर लावू?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी थोडा विचार केला. "एक नवीन कप्पा करा, तिघांचा मिळून. पण जावईबापू, एक सांगून ठेवते. दुपारी मी घरी एकटी असते आणि मला वेळ असतो. तेव्हा त्या कप्प्याला कुलूप घालता येत असलं, तर घाला."

मिस्त्रींनी लगेच लेकीला फोन लावला.